जुना म्हणून घेतलेला मुखवटा आणि तो नवा असल्याचा दाखला

दुआलामधील नोकरीचा करार संपत आला तेव्हा कॅमेरूनची एखादी खूण घरी न्यावी म्हणून मी बाफुसामला गेलो आणि तिथल्या एका दुकानातून त्या भागातल्या बामिलेके लोकांच्या घडणीचा लाकडी मुखवटा ८५ हजार फ्रँकला घेतला. फुगलेले गाल, बटबटीत डोळे, दात दाखवणारे उघडे तोंड आणि डोक्यावर गाठीगाठींची मानाची टोपी, असा तो ऐवज होता. तो शंभर वर्षांचा असून एका राजाच्या अंत्यविधीत नाचवलेला आहे, असे विक्रेत्याने शपथेवर सांगितले आणि काजळीने काळेभोर झालेले लाकूड पाहून मी ते मानले. मला ते मानायचेच होते, हेही खरे.

कार्यालयात मुखवटा दाखवला तेव्हा मूळचे बांजून या बामिलेके राज्याचे असलेले माझे ज्येष्ठ सहकारी हसले नाहीत. ते म्हणाले, "विक्रेता खरे बोलत असेल तर तुम्ही चोरीचा माल घेतला आहे आणि खोटे बोलत असेल तर तुम्ही फसला आहात. यातले काय बरे, ते तुम्हीच ठरवा." बामिलेके प्रदेशात प्रत्येक राज्याचा राजा, म्हणजे 'फो', आणि त्याच्याभोवतीच्या गुप्त मंडळ्या असतात. नाचलेले मुखवटे या मंडळ्यांचे आणि राजवाड्याचे असतात, एकट्या माणसाने विकायचे नसतात. शेजारच्या कोम राज्यातून १९६६ मध्ये नाहीसा झालेला 'आफो-आ-कोम' हा पवित्र पुतळा न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि १९७३ मध्ये परत आला, ही हकिगत त्यांनी मला अगदी घरातली गोष्ट सांगावी तशी सांगितली. २०१३ पासून देशात सांस्कृतिक वारशाचा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे वस्तू देशाबाहेर नेण्याच्या परवानगीशिवाय विमानतळावर जाऊ नका, असेही त्यांनी बजावले.

म्हणून पुढून, मागून आणि आतून काढलेली छायाचित्रे, मोजमापे, खरेदीची पावती आणि पारपत्राची प्रत घेऊन मी संबंधित कार्यालयात अर्ज केला. पावतीवर विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने 'प्राचीन' असे लिहिले होते आणि तेवढ्या एका शब्दावर माझा अर्ज अडला. अधिकारी बाईंनी मुखवटा प्रत्यक्ष मागवला, टेबलावर उलटा ठेवला आणि विचारले, "हा नाचला आहे का?" मी जव्हारकडचा आहे. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, नाचलेले सोंग आणि दुकानात टांगलेले सोंग यांत काय फरक असतो, ते मी लहानपणापासून पाहिले आहे, म्हणून हा प्रश्न मला समजावून सांगावा लागला नाही. लाज वाटली ती एवढ्याचीच, की हा प्रश्न खरेदीच्या वेळी मला सुचला नव्हता.

त्यानंतरची दहा मिनिटे मी विसरणार नाही. हा मुखवटा चेहऱ्यावर बांधायचा नसून डोक्यावर बसवायचा असतो आणि नाचणाऱ्याचा चेहरा खाली सोडलेल्या कापडामागे झाकला जातो. त्यामुळे खूप वापरलेल्या मुखवट्याची आतली कड घामाने आणि घर्षणाने गुळगुळीत होते, तर कापड बांधायच्या भोकांच्या कडा दोरीने झिजतात. माझ्या मुखवट्याच्या भोकांच्या कडा धारदार होत्या, आत वाकसाचे घाव अगदी ताजे दिसत होते आणि काजळी फक्त बाहेरून होती. बाईंनी कानामागे नखाने हलकेच खरवडले, तर खालून पिवळसर कोरे लाकूड निघाले. धूर, पामतेल आणि माती यांच्या साहाय्याने काही दिवसांत शतकभराचे वय चढवता येते, असे त्यांनी कसलाही उपहास न करता सांगितले.

आता मला हवे होते ते नेमके उलटे. बाफुसामला पुन्हा जाऊन मी विक्रेत्याकडे वस्तू नवी असल्याचे लेखी मागितले, तेव्हा तो खरोखर दुखावला. एवढे देखणे काम नवे म्हणून लिहून देणे त्याला अपमानास्पद वाटत होते आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्य होते, कारण कोरीव काम उत्तमच आहे. शेवटी ज्या कारागिराने तो घडवला, त्याचे नाव आणि घडवल्याचे वर्ष पावतीवर आले. वस्तू दोन वर्षांचीही नव्हती. पैसे परत मागण्याचे मनात आले होते, पण कारागिराचे नाव कळल्यावर ते राहून गेले.

दाखला त्यानंतर आठवडाभरात मिळाला. लाकडाला भुंगा असू नये म्हणून धुरीकरण करून त्याचेही प्रमाणपत्र घेतले. मुंबईत सीमाशुल्काच्या टेबलावर "किती जुना आहे?" असे विचारल्यावर मी दाखला पुढे केला. त्यावर फ्रेंचमध्ये एवढेच लिहिले होते, की ही समकालीन हस्तकलेची वस्तू आहे.

आता तो बैठकीच्या खोलीत आहे आणि कारागिराच्या नावाची पावती त्याच्या मागेच चिकटवली आहे. काजळी अजून हाताला लागते, म्हणून तो पुसण्याचे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही.