मायच्या बैठकीसाठी एका शेऱ्याची वाट

तीन गुरुवार गेले. एका शेऱ्यासाठी. अजून तो केसपेपर हातात घेतला की माझा राग वर येतो, म्हणून आधी तेच लिहिते.

मायला अन्ननलिकेचा कॅन्सर. केमो झाल्या, तरी गाठ वाढली. दिवाळीनंतर घास उतरेना, पाठीत दुखायचं, रात्र रात्र उशाशी बसून काढायची. गेवराईजवळच्या आमच्या गावाहून संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे पहाटेची एसटी. बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून फेऱ्या तरी परवडल्या. तिथल्या एका सिस्टरनं सांगितलं, दर गुरुवारी केमो, रेडिएशन, सर्जरी आणि पॅलिएटिव्ह (म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे) असे सगळे डॉक्टर एकत्र बसून अवघड पेशंटचं ठरवतात, मग घरच्यांना आत बोलावतात. मला हेच पाहिजे होतं. तोवर एक डॉक्टर म्हणायचे नळी टाका, दुसरे म्हणायचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्या, आणि दोघांच्या मध्ये मी फाईल घेऊन फिरायची.

यादीत नाव यायला केसपेपरवर एका विभागाचा शेरा लागतो. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलगा कुठंय?"

भाऊ आणि वहिनी उसतोडीला गेलेले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, टोळी सोडून येणं सोपं नसतं. मी तसं सांगितलं. "मग तो आल्यावर बघू, निर्णय मोठा आहे, जबाबदार माणूस पाहिजे."

पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च. माय मार्चपर्यंत अशीच कण्हत राहणार होती का? दीड वर्ष तिच्या उलट्या मी काढल्या, रिपोर्ट मी सांभाळले, रक्त मी दिलं. जबाबदार माणूस म्हणून मी दिसत नव्हते. दुसऱ्या गुरुवारी परत गेले, तर साहेब रजेवर. तिसऱ्या गुरुवारी शेरा मिळाला, पण "मुलगा आल्यावर चर्चा" असा! त्या दिवशी मी पायरीवर बसून रडले. परतीच्या एसटीत शहागडचा पूल येईपर्यंत माय एकच म्हणत होती, "मला इचारा की कुणीतरी."

वाट निघाली समाजसेवा अधीक्षकांकडून. सरकारी दवाखान्यात हे पद असतं. त्यांचं टेबल शोधा, मी फार उशिरा शोधलं. बाईंनी केसपेपर वाचला आणि मायलाच विचारलं, "मावशी, तुमचं तुम्हाला ठरवायचंय का?" माय हो म्हणाली. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असला तर संमती त्याचीच लागते, मुलाची नाही. बाई स्वतः माझ्यासोबत विभागात आल्या आणि दहा मिनिटांत नवा शेरा झाला. मला तीन आठवडे लागले होते.

बैठक अर्ध्या तासात उरकली. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, पॅलिएटिव्हच्या मॅडम, सिस्टर, आहारतज्ज्ञ, सगळे एका टेबलाला. भावाला फोनवर घेतलं, तो फडातच उभा होता. आम्ही मायला आजाराचं नाव कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" माय म्हणाली, "क्यान्सर हाय. पोरांना वाटतं मला कळत नाही." फोनवर भाऊ बराच वेळ बोललाच नाही.

ठरलं ते असं: केमो बंद, अन्ननलिकेत जाळीची नळी, आणि दुखण्यावर मॉर्फिन. ही गोळी साध्या मेडिकलवर मिळत नाही. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालंय, त्यामुळे आधी तुमच्या दवाखान्याकडे आहे का ते विचारा. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी. दुखलं की मग द्यायची असं नाही, घड्याळ बघून द्यायची. सवय लागेल म्हणून शेजारणीनं मला घाबरवलं होतं. मॅडम म्हणाल्या, दुखण्यासाठी सांगितल्या मापात घेतली तर ती भीती धरू नका. पोट साफ होण्याचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून सोबत पाहिजे. आम्ही चार दिवस ते विसरलो आणि मायचे फार हाल झाले.

पहिल्या रात्री ती सलग झोपली, तेव्हा मी दोनदा उठून तिचा श्वास बघितला.

हो, आधी सांगायचं राहिलं: बायोप्सीच्या काचा आणि सीटीची सीडी बैठकीच्या आदल्या दिवशीच पोचवा, आणि सीडी उघडते का ते तिथंच बघून घ्या. आमची उघडली नव्हती. प्रश्न वहीत लिहून न्या. रात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा, हा प्रश्न पहिला लिहा, आणि नंबर घेतल्याशिवाय उठू नका. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कुणाला देऊ नका, दवाखान्यात परत करा.

पुढच्या महिन्यात परत बैठक आहे. त्याचा शेरा मी आत्ताच तारखेसकट लिहून घेतलाय, आणि खाली मायची सही आहे.