विषारी गुच्छ, लिंबाचं पाणी

फ्रान्सच्या नैऋत्येला, बास्क लोकांच्या मुलखातल्या बायोन शहरातल्या एका संग्रहात जुन्या टेपा डिजिटल करून त्यांच्या नोंदी ठेवण्याचं काम मी करते. त्या दिवशी यंत्रावर त्याच मुलखातल्या सुबेरोआ खोऱ्यातल्या एका आजींची टेप होती. गाणं ‘गोइसिअन गोइसिक’. बास्क लोकगीतांत इतकं भयंकर आणि इतकं सुंदर गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

भल्या पहाटे उठलेली नवरी. सूर्य उगवताना अंगावर रेशीम, भर दुपारी घरची मालकीण, सूर्य मावळताना विधवा. हे सगळं पहिल्याच कडव्यात! मग ती नवऱ्याला विचारते, माझ्याशी लग्न केल्याचा पस्तावा होतोय का? तो म्हणतो, छे. पण साऱ्या जगापासून लपवलेली, फक्त देवाला ठाऊक असलेली एकजण होती. तिनं दुर्मिळ फुलांचा गुच्छ धाडला, त्यात अर्धं विष.

आजी दोघांचंही बोलणं एकाच सुरात म्हणतात. कोण बोलतंय ते आपण ओळखायचं. शेवटच्या कडव्याआधी मात्र त्या थांबल्या. खुर्ची करकरली. मग आलं ते कडवं: सात वर्षं तिनं मेलेला नवरा खोलीत ठेवला. दिवसा थंड जमिनीत, रात्री आपल्या मिठीत. आणि दर शुक्रवारी सकाळी लिंबाच्या पाण्यानं त्याला धुतलं.

टेपेच्या जुन्या नोंद-कार्डावर ‘विषय’च्या रकान्यात एकच शब्द होता: जादूटोणा. लिंबू आणि शुक्रवार एकत्र आले की आपल्याही मनात उतारा येणारच. शेजारच्या टेबलावरचे सहकारी सुबेरोआचेच. ते चिडले. “अहो, प्रेताला वास येतो. घरच्या बाईनं काय करावं?”

मला त्यांचं पटलं. बास्क कथांत जादूची प्रेयसी ओळखू येते. लामिया, म्हणजे पाण्याकाठची परी, सोन्याच्या कंगव्यानं केस विंचरते, पण पाय बदकाचे. ते दिसताच पोरगा घरी येऊन अंथरूण धरतो आणि मरतो; ती अंत्ययात्रेमागून चर्चच्या दारापर्यंत येते, आत मात्र जाऊ शकत नाही. या गाण्यात अशी खूण नाही. गुच्छ धाडणारी तर दिसतही नाही. करणी असलीच तर ती फुलांत आहे. लिंबाच्या पाण्यात आहे ती माया, सात वर्षं न थकलेली.

‘जादूटोणा’ आम्ही खोडलं नाही, गुच्छाच्या कडव्यापुढे नेलं. शेवटच्या कडव्यापुढे ‘वैधव्य’ आणि ‘प्रेम’ लिहिलं. सहकाऱ्यांना ‘खून’ही हवा आहे, आणि तो हवाच. सोमवारी घालते.