स्क्रीनवर १२००, पेटीत १५००

मे महिन्यातली दुपार. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या शेडमध्ये छताच्या पत्र्याची उचल-चाचणी चालू होती. ३ बाय २ मीटरची लोखंडी पेटी, तिच्या तोंडावर पर्लिन (पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या), त्यावर सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने बसवलेला ०.५ मिमीचा कलर कोटेड पत्रा. ब्लोअरने पेटीत हवा भरली की पत्रा वर उचलला जातो, वादळात जातो तसाच. पर्लिन आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक अंथरायचं, पण भरपूर चुण्या ठेवून. ते ताणलं तर भार तेच घेतं आणि पत्रा उगाच पास होतो.

वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३), त्यातल्या ०.६ × वेगाचा वर्ग या सूत्राने सेकंदाला ४४ मीटर वाऱ्याचा दाब ११६२ पास्कल येतो. म्हणून पहिली पायरी १२०० ची. ६ चौरस मीटरवर तो भार ७३० किलोच्या आसपास होतो.

हाताने व्हॉल्व्ह फिरवणं बंद करून दाब नुकताच पीएलसीकडे (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे) दिला होता. दाब मोजून विजेच्या सिग्नलने पीएलसीला कळवणारा ट्रान्समीटर ०–२५०० पास्कल, ४–२० मिलिअँपिअर. पीएलसीतला पीआयडी, म्हणजे हवा तो दाब आणि मोजलेला दाब यांतला फरक बघून दुरुस्ती करणारा हिशेब, ब्लोअरच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीला वेग सांगणार. १२ सेकंदांत शून्यावरून १२००, मग १० सेकंद स्थिर. दाब दाखवणारी रंगीत पाण्याची जुनी यू-ट्यूब (U आकाराची नळी) मात्र पेटीला तशीच ठेवली होती, हे फार बरं झालं.

स्क्रीनवर आकडा चढत होता. ऑपरेटर ओरडला, "दादा, पानी वर चढी गयं, स्क्रीन कमी दखाडस!" स्क्रीनवर १२००, नळीत १५३ मिमी. एक मिमी म्हणजे ९.८१ पास्कल, म्हणजे पेटीत खरे १५००. तेवढ्यात पत्रा स्क्रूच्या डोक्यांभोवती फाटून सुटला. दाब कोसळला, तो भरून काढायला पीआयडीने ब्लोअर थेट ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर नेला आणि फाटलेला पत्रा फडफडून आधी कुठला स्क्रू सुटला याचा पुरावाच गेला.

यू-ट्यूब नसती तर रिपोर्टमध्ये "१२०० ला नापास" असं गेलं असतं. चांगल्या पत्र्यावर खोटा शिक्का.

अशा वेळी हात पीआयडीच्या आकड्यांकडे जातो. गेन (दुरुस्तीचा जोर) कमी करून पाहिला, फरक नाही. मग पत्र्याच्या जागी प्लायवूड बसवून १००० पास्कल स्थिर केला, पीआयडी मॅन्युअलवर टाकला आणि ट्रान्समीटरवरची नळी झटकन उपसली. आकडा लगेच शून्यावर यायला हवा. ३७० वर यायलाच ३ सेकंद लागले. ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये डॅम्पिंग (आकडा नाचू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली दिरंगाई) ३ सेकंदांचं होतं! टाकीतली पातळी मोजायला ते चालतं. इथे दाब सेकंदाला १०० पास्कलने चढतो, म्हणजे स्क्रीन कायम ३०० ने मागे. हिशेब नेमका जुळला.

डॅम्पिंग ०.२ सेकंदावर आणलं. तेव्हा दुसरा दोष उघडा पडला: वरच्या दाबाला नियंत्रण नीट, २०० पास्कलला सुस्त. कारण ब्लोअरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ हर्ट्झला निम्मा नाही, पाव दाब मिळतो. पीआयडीच्या आउटपुटचं वर्गमूळ काढून ते व्हीएफडीला दिलं, तशी दोन्हीकडे चाल सारखी झाली.

दाब उतरवणं वेगळंच दुखणं. डिसेल टाइम (मोटरचा वेग उतरवायला दिलेला वेळ) कमी केला की फिरता पंखा मोटरला जनरेटर बनवतो आणि व्हीएफडी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. म्हणून पेटीला स्प्रिंगने उघडून हवा सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह लावला. लाइट गेली तरी तो आपोआप उघडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे धरूनच चालावं लागतं. त्याशिवाय १५० मिमीच्या भोकावर वजनाचं झाकण: २००० पास्कलला उचलायचं तर झाकणासकट ३.६ किलो. सॉफ्टवेअर चुकलं तरी हे चुकत नाही.

प्रोग्राममध्ये एक अट वाढवली: अर्ध्या सेकंदात दाब २० टक्के पडला तर ब्लोअर बंद, ब्लीड उघडा, शेवटचे आकडे गोठवा. दाबाची नळीही ब्लोअरच्या तोंडासमोरून काढून लांबच्या कोपऱ्यात, भिंतीशी सपाट बसवली; झोताचा मारा दाबात मिसळायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याच लॉटचा नवा पत्रा चढवला. स्क्रीनवर १२००, नळीत १२२ मिमी. दहा सेकंद पत्रा जागचा हलला नाही.