काल तुम्ही काय जेवलात?

इचलकरंजीतील यंत्रमाग कामगारांच्या वस्तीला लागून असलेल्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. क्षयरोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या सहवासातील माणसांची तपासणी करणे हा आमच्या कामाचा ठरलेला भाग आहे. बहुतेक वेळा टीबी हेल्थ व्हिजिटर आणि आशाताई हे काम करतात. पण ज्या घरात लहान मुले असतात किंवा कुणाला मधुमेह असतो, तिथे शक्यतो मी स्वतः जाते. ‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ?’ हा प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतो. त्याचे उत्तर गेल्या पावसाळ्यातील अशाच एका गृहभेटीत जितके स्पष्ट दिसले, तितके क्वचितच दिसते.

रुग्ण माग चालवणारा होता, वय चाळिशीच्या पुढचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तासांचे काम आणि जोडीला तंबाखू-चुना, अशी त्याची बरीच वर्षे गेली होती. औषधे सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि त्याची प्रकृती चांगली सुधारत होती. वजन ४६ किलोवरून ४९ किलोवर आले होते. क्षयरोगाच्या उपचारात पहिल्या दोन महिन्यांत वाढलेल्या वजनाला फार महत्त्व असते, कारण या काळात वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका बराच कमी आढळला आहे. त्यामुळे त्याच्याविषयी मी निश्चिंत होते. घरात त्याची आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले होती.

आम्ही वजनकाटा बरोबर नेतो. मुलांची वजने वयाच्या मानाने थोडी कमी, पण चिंता वाटावी इतकी नव्हती. आजींचे वजन ठीक होते. त्यांचा मधुमेह मात्र नीट आटोक्यात नव्हता, म्हणून त्यांची साखर पुन्हा तपासायचे ठरवले. पत्नी काट्यावर उभी राहायलाच तयार नव्हती. ‘मला काय झालंय? त्यांचं बघा की,’ असे म्हणत ती चुलीकडे वळली. आशाताईंनी तिचा हात धरून तिला काट्यावर उभे केले, तेव्हा आकडा दिसला ३७ किलो. उंची १५२ सेंटिमीटर. हिशेब केला तर तिचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १६ भरत होता. प्रौढ व्यक्तीसाठी १८.५ ही खालची मर्यादा धरतात आणि १६ म्हणजे कुपोषणाच्या तीव्र पायरीचा अगदी उंबरठा. घरात ज्याला रुग्ण म्हणत होते, त्याच्यापेक्षाही ती खंगलेली होती. आणि दोन महिने रात्रंदिवस त्याची सेवा तीच करत होती.

आहाराची माहिती घेताना मी एक साधा प्रश्न विचारते : काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय खाल्ले? तिने लगेच सांगायला सुरुवात केली. सकाळी त्यांना दोन अंडी आणि दूध, मुलांना चपाती आणि चहा, दुपारी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, आजींना साखर असल्यामुळे वेगळी पातळ आमटी. मी मध्येच म्हटले, ‘वहिनी, हे तुम्ही रांधलेलं झालं. तुम्ही स्वतः काय जेवलात?’ ती थांबली. ‘उरलं तसं खायचं हो,’ एवढेच म्हणाली. खोदून विचारल्यावर चित्र उलगडले : पहाटेपासून तीन-चार वेळा चहा, दुपारी कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी सूत कांड्यांवर भरणाऱ्या यंत्रावर, कामाला गेल्यामुळे डब्यात एक भाकरी आणि चटणी, रात्री सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर आमटीचे वरचे पाणी आणि अर्धी भाकरी. रुग्णासाठी निक्षय मित्र या क्षयरुग्णांना दात्यांकडून शिधा मिळवून देणाऱ्या सरकारी योजनेतून येणाऱ्या शिध्यातील डाळ, शेंगदाणे किंवा तेल यांतले काहीही तिच्या ताटात जात नव्हते. ‘ते त्यांच्या नावाचं आहे,’ हे तिचे कारण होते. नवऱ्याचा पगार बंद झाल्यापासून ती कारखान्यात कांड्या भरायला जात होती. पाणी ज्या दिवशी यायचे त्या दिवशी पहाटे तीनला उठत होती आणि रात्री अकराच्या आत अंथरुणाला पाठ लागत नव्हती.

आजी मध्ये बोलल्या, ‘तिला भूकच नसती डॉक्टर, पहिल्यापासून तसंच.’ ते खोटे नव्हते. तिच्या हिरड्या काळवंडलेल्या दिसत होत्या. विचारल्यावर कळले, की सकाळ-संध्याकाळ आणि कामावर कंटाळा आला की ती मिसरी लावत असे. तंबाखूतील निकोटिन भूक मारते. रिकाम्या पोटी मिसरी लावायची, त्यावर गोड चहा घ्यायचा, म्हणजे दुपारपर्यंत पोट मागतच नाही. ही सवय आमच्या भागातील कित्येक बायकांना आहे आणि तिला व्यसन म्हणून कुणी मोजतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एवढ्यात माझे लक्ष भिंतीवरच्या फळीकडे गेले. देवाच्या तसबिरीशेजारी ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ अशी ठळक अक्षरे छापलेली पावडरीची एक मोठी बरणी होती, किंमत ६४० रुपये. घरोघरी येणाऱ्या एका विक्रेत्याकडून तिनेच ती घेतली होती, आपल्या कांडीच्या पगारातून, मुलांना बापाचा आजार लागू नये म्हणून. मागच्या बाजूची माहिती वाचली. त्यात मुख्यतः साखर आणि माल्ट होते, आणि चिमूटभर जीवनसत्त्वे. त्यातले पाव चमचाही तिने स्वतः कधी खाल्ले नव्हते. आमच्या बाजारात त्या वेळी अंडे सात रुपयांना मिळत होते. त्या बरणीच्या पैशांत नव्वदहून अधिक अंडी आली असती, म्हणजे एका माणसाला तीन महिने रोज एक. मी हे तिला तिथेच सांगितले, रागावून नव्हे, कारण त्या खरेदीमागची काळजी खरी होती.

क्षयरोगाच्या बाबतीत प्रतिकारशक्ती हा शब्द जाहिरातीतल्यासारखा मोघम नसतो. जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरले तरी बहुतेक माणसे आजारी पडत नाहीत. शरीरातील पेशी त्या जंतूंभोवती वेढा घालतात आणि त्यांना वर्षानुवर्षे निपचित ठेवतात. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. हा वेढा टिकवण्याचे काम प्रामुख्याने टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) करतात, आणि अन्न कमी पडले की सर्वांत आधी याच पेशींची संख्या आणि ताकद घटते. बॉडी मास इंडेक्स एका अंकाने घसरला, की क्षयरोगाचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक देशांतील अभ्यासांवरून दिसले आहे. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि दारू हे या वेढ्याला खिंडार पाडणारे आणखी तिघे.

झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्षयरुग्णांच्या सुमारे दहा हजार कुटुंबीयांपैकी एका गटाला दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषक द्रव्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटात अतिरिक्त शिधा फक्त रुग्णाला होता. ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले, तिथे कुटुंबीयांमधील नवे क्षयरोगी ३९ टक्क्यांनी कमी झाले. कोणत्याही बरणीने असे केल्याचे मला ठाऊक नाही. मंगोलियात शाळकरी मुलांना तीन वर्षे ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तर क्षयरोगाचा संसर्ग त्याने टळला नाही. पुरेसे, रोजचे, पोटभर अन्न मात्र उपयोगी पडले.

झोपेविषयीही तितकेच ठामपणे बोलता येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले होते. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. चार तास झोपून बारा तास उभी राहणारी बाई रोज काय पणाला लावत असते, हे त्यावरून समजावे.

तिची रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि संसर्गाची चाचणी त्याच आठवड्यात करून घेतली. हिमोग्लोबिन ८.४ होते, म्हणजे बरेच कमी. फुप्फुसे स्वच्छ होती, पण संसर्गाची चाचणी सकारात्मक आली : जंतू आत शिरले होते, आजार अजून झाला नव्हता. म्हणून प्रतिबंधक औषधे सुरू केली, आठवड्यातून एकदा, एकूण १२ मात्रा. परंतु औषधे वेढा घालणाऱ्या पेशींना जेवू घालत नाहीत, हे मला त्या घरातल्या मोठ्या माणसांना पटवायचे होते.

यासाठी मी तिच्याशी नव्हे, आजींशी बोलले. स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्या शब्दावर चालत होता. त्यांना म्हटले, ‘आजी, पोरगा बरा होतोय तो हिच्या जिवावर. ही पडली तर तुमच्या नातवंडांना कोण बघणार?’ आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘आमच्यात सून आधी जेवत न्हाई.’ मी आधी जेवायला सांगतच नव्हते. सगळ्यांबरोबर जेवायला सांगत होते, म्हणजे डाळ आणि उसळ तळाशी जाण्याआधी तिच्या वाटीत पडेल. त्यांनी ते मान्य केले. मग बाकीचे ठरवणे सोपे गेले. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि ती महागड्या फळांतून नव्हे तर तिच्याच घरातल्या वस्तूंतून मिळवायची होती : रोज एक अंडे, कामावर नेण्याच्या डब्यात मूठभर शेंगदाणे, दोन्ही वेळा घट्ट आमटी किंवा मटकी, आणि पावसाळ्यात आजींच्या हातचे हुलग्याचे माडगे. चहा जेवणाबरोबर नाही, तासाभराने, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही. पहाटेचे पाणी भरण्याची पाळी नवऱ्याने घेतली; आता हलके काम करण्याइतका तो बरा झाला होता. धाग्यांच्या कचऱ्यामुळे पोते लावून बंद केलेली मागची खिडकी दिवसा उघडी ठेवायचे ठरले. एका सूत व्यापाऱ्याने घरातील इतरांसाठीही शिधा देण्याचे कबूल केले आणि तो शिधा दर महिन्याला येऊ लागला.

मिसरी सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. आशाताईंनी त्यासाठी फार चिकाटी दाखवली. तलफ आली की तोंडात टाकायला बडीशेप आणि भाजलेले शेंगदाणे देत, आठवड्याच्या मात्रेच्या दिवशी न चुकता विचारत. सकाळची मिसरी आधी सुटली आणि तिच्यापाठोपाठ सकाळची भूक परत आली, असे तिने स्वतःच सांगितले.

प्रतिबंधक औषधांचा कोर्स पूर्ण झाला, नवऱ्याचे उपचार संपले आणि तो पुन्हा मागावर जाऊ लागला. मालकाने त्याला तूर्त दिवसपाळीच दिली आहे. मुलांना आजार झालेला नाही. आजींची साखर गोळ्या बदलल्यावर खाली आली आहे. तिचे वजन शेवटच्या भेटीत ४१.५ किलो भरले आणि हिमोग्लोबिन १०.९. साडेअठराची मर्यादा गाठायला अजून सव्वा किलो हवे, म्हणून तिचे नाव मी पाठपुराव्याच्या यादीतून काढलेले नाही, आणि त्या घरचा शिधाही तोपर्यंत चालू ठेवण्याची विनंती व्यापाऱ्याला केली आहे.