99.2 ची भानगड

मुलाकडे टेक्सासात, सॅन अँटोनियोला येऊन दोन महिने झाले. सूनबाई किराण्याला निघाल्या की मीही गाडीत बसतो, आणि त्या भाजी निवडत असताना पाकिटांच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचत उभा राहतो. 31 वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली, त्याची खोड. (कारखान्याचं नाव सांगत नाही. सभासद वाचतात.)

तिथेच कोकच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसल्या. एक प्लॅस्टिकची, इथलीच. घटकांत मक्याचा पाक, म्हणजे हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. दुसरी काचेची, 355 मिलीची, मेक्सिकोहून आलेली, पाठीवर इंग्रजी कागदी स्टिकर डकवलेलं. तिच्यात उसाची साखर. काचेची महाग, आणि लोक तीच क्रेटने उचलत होते. नातवाने हट्ट धरला, दोन घेतल्या.

आमच्या शेजारी एक मेक्सिकन आजोबा राहतात. वेराक्रूस राज्यातले, कोर्दोबाच्या बाजूचे. घरचा ऊस होता. मला स्पॅनिश येत नाही, त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच. नातू शाळेत स्पॅनिश शिकतो, तो मध्ये बसतो. गळिताच्या हंगामाला ते ‘साफ्रा’ म्हणतात. नोव्हेंबरला बॉयलर पेटला की मे-जूनपर्यंत चालतो म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे मार्चलाच मोळी संपते. त्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न: मग पैसे वेळेवर मिळतात का? नातवाने भाषांतर करायच्या आधीच मला कळला. ऊसवाल्याला ऊसवाला भेटला की दुसरा प्रश्न असतोच कुठे?

त्यांच्याकडची बिलंही थकायची. कारखाने कर्जात बुडाले होते, तेव्हा सप्टेंबर 2001 मध्ये मेक्सिको सरकारने 27 कारखाने एका फटक्यात ताब्यात घेतले. मी विचारलं, एवढा ऊस, शेजारी एवढं मोठं गिऱ्हाईक, मग साखर पडून का राहिली? आजोबांनी बाटलीच्या स्टिकरवर दोनदा टिचकी मारली आणि एकच शब्द म्हणाले, ‘माईस’. मका.

मग मी रात्री बसून वाचलं. झोप तशीही येत नाही.

अमेरिकेने स्वतःच्या साखर उत्पादकांसाठी भाव वर धरून ठेवलाय. कारखान्याला साखर तारण ठेवून सरकारी कर्ज आणि बाहेरच्या साखरेला कोटा. साखर महाग म्हटल्यावर थंड पेयवाल्यांनी दुसरा रस्ता शोधला. 1980 पासून कोकने इथे मक्याचा पाक घालायला सुरुवात केली आणि 1984 पर्यंत साखर पूर्ण बाहेर. म्हणजे साखरवाल्यांच्या संरक्षणावर पोसला गेला मकावाला. पुढे तो पाक इतका झाला की त्याला सीमेपलीकडे गिऱ्हाईक हवं होतं.

1994 ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला. मूळ मजकुराप्रमाणे मेक्सिकोकडे स्वतःच्या खपापेक्षा साखर जास्त झाली, की ती शिल्लक अमेरिकेत जाणार. सरळ हिशेब. पण सही होता होता नोव्हेंबर 1993 मध्ये एक जोडपत्र आलं. त्यात शिल्लक मोजायची रीतच बदलली: खपात साखरेबरोबर मक्याचा पाकही धरायचा. म्हणजे अमेरिकेचा पाक मेक्सिकोच्या बाटल्यांत जितका शिरेल, तितका कागदावर मेक्सिकोचा ‘खप’ वाढणार आणि शिल्लक कमी दिसणार. साखर गोदामात, पण हिशेबात नाही! शिवाय पहिली सहा वर्षं फार तर 25,000 टन, त्यानंतर 2007 पर्यंत 2,50,000 टन, एवढीच मुभा. ज्याने कोणी ते पत्र लिहिलं, त्याने आमच्या एखाद्या कारखान्यात अकाउंटला उमेदवारी केलेली असणार. मेक्सिकोने तो अर्थ कधी मनापासून मानला नाही.

पुढची दहा वर्षं बांधावरच्या भांडणासारखी गेली. तू माझा पाट अडवलास, मी तुझी वाट. मेक्सिकोने 1997-98 मध्ये पाकावर डंपिंगविरोधी शुल्क लावलं, म्हणजे माल फार स्वस्तात ओतला म्हणून जादा कर. ते जागतिक व्यापार संघटनेत टिकलं नाही. मग 1 जानेवारी 2002 पासून नवी शक्कल: उसाच्या साखरेशिवाय दुसरं काही गोड घातलेल्या थंड पेयावर 20 टक्के कर. बाटलीवाले एका रात्रीत साखरेवर परतले. मेक्सिकोचे अध्यक्ष फॉक्स यांनी मार्चमध्ये तो कर स्थगित केला, तर जुलैत त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तसा अधिकार तुम्हाला नाही, कर परत लावा. आजोबांना हे सगळं पाठ होतं. तेवढा एकच भाग सांगताना ते हसले.

कर हरायचाच होता. मार्च 2006 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपीलातही हरला आणि 2007 च्या सुरुवातीला निघाला. पाकवाल्या कंपन्यांनी वेगळे दावे लावून नुकसानभरपाई घेतली ती वेगळीच. पण माझ्या मते मेक्सिको हरूनही पुरता हरला नाही. ऊसवाल्यांना पाच वर्षं मिळाली. कोर्टात तारीख घेऊन पीक काढून घेतात, तसलं.

2008 पासून साखर आणि पाक, दोन्हींची वाट मोकळी झाली, आणि मग जे झालं ते बघून मला हसूच आलं. अमेरिकेचा पाक दहा लाख टनांच्या वर मेक्सिकोत जाऊ लागला, तिथल्या पेयांत पडू लागला. आणि त्यामुळे वाचलेली मेक्सिकोची साखर अमेरिकेत. मका खाली, ऊस वर. 2012-13 ला ती इतकी आली की अमेरिकेत भाव पडले. कारखान्यांनी कर्जाऐवजी साखरच सरकारच्या गळ्यात मारली, आणि सरकारने ती तोट्यात इथेनॉलवाल्यांना विकली. सुमारे 26 कोटी डॉलर गेले. (आपण इथेनॉल धोरण म्हणून करतो, त्यांनी नाइलाज म्हणून केलं, एवढाच फरक.) मार्च 2014 मध्ये अमेरिकेच्या साखरवाल्यांनी मेक्सिकोच्या साखरेवर दावा ठोकला. नऊ-दहा महिन्यांनी तडजोड: शुल्क नाही, पण किती, कसली आणि काय भावाने साखर पाठवायची ते ठरवून.

आता माझ्या आवडीचा भाग. जून 2017 मध्ये ती तडजोड आणखी आवळली. मेक्सिकोने पाठवायच्या साखरेत शुद्ध साखरेचा वाटा 53 टक्क्यांवरून 30 वर आणला. कच्च्या साखरेला पौंडामागे किमान 23 सेंट, शुद्धीला 28. म्हणजे कच्ची किलोला 51 सेंटच्या आसपास, त्या वेळच्या भावाने 32-33 रुपये. पुढच्याच वर्षी आपल्याकडे सरकारने किमान दर बांधला तो 29 रुपये, तोही पांढऱ्याशुभ्र साखरेला. वाचून पोटात कालवाकालव झाली.

आणि मग ती ओळ. आधी पोल, म्हणजे पोलारीमीटर या यंत्रावर मोजलेली साखरेची शुद्धता, 99.5 च्या खाली असली की साखर कच्ची धरायचे. नव्या तडजोडीत कच्ची म्हणजे जिचा पोल 99.2 च्या खाली आहे ती. शिवाय ती पोत्यात, डब्यात नको. जहाजाच्या पोटात सुट्टी ओतूनच आली पाहिजे.

बाहेरच्या माणसाला हे 0.3 म्हणजे काहीच नाही. मी ट्यूबमध्ये द्रावण भरून, बुडबुडा गेलाय का ते बघून, हजारो वेळा पोलारीमीटरला डोळा लावलाय. 99.5 च्या जरा खालची मेक्सिकन साखर पिवळसर असते, पण ती रिफायनरीत न नेता सरळ बेकरीत, गिऱ्हाइकाकडे जाऊ शकते. 99.2 च्या खाली गेली की तिला रिफायनरीत जावंच लागतं. अमेरिकेतल्या रिफायनऱ्यांचं नेमकं हेच रडगाणं होतं: आमच्या दारावरून माल जातोय, आम्हाला शिवत नाही. मग सुट्टी जहाजातून आली की उतरणार कुठे? रिफायनरीच्या धक्क्यावर. सीमेवर काटेरी तार कशाला हवी? दशांश चिन्हाच्या पुढचा एक आकडा पुरतो. आमच्या लॅबमध्ये उताऱ्याच्या अशाच आकड्यावरून शेतकऱ्याचा दर खालीवर व्हायचा आणि गेटवर घोषणा व्हायच्या, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. फक्त त्या माणसाला भेटावंसं वाटलं, ज्याला 99.2 सुचलं. तो केमिस्टच असणार.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने साखरेच्या अनुदानावरून आपल्याला त्याच संघटनेत खेचलं, डिसेंबर 2021 मध्ये निकाल विरोधात गेला, आपण अपील करून बसलो. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तुम्ही पण!

चवीचं राहिलं. नातू म्हणतो काचेतला कोक ‘खरा’ लागतो. त्याला सांगितलं, बाळा, कोक आंबट, पीएच अडीचच्या घरात. त्यात साखर राहत नाही. हळूहळू फुटून अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज होते. आम्ही त्याला इन्व्हर्शन म्हणायचो आणि रस आंबट राहिला की घाबरायचो, कारण तेवढी साखर कारखान्याच्या हातून जाते. मक्याच्या पाकात फ्रुक्टोज 55 टक्के आणि ग्लुकोज 42. म्हणजे बाटली कपाटात पुरेशी राहिली की ऊस आणि मका जवळजवळ एकच होतात. वीस-बावीस वर्षं ज्याच्यावरून भांडले, ते क्रेटमध्ये आपोआप मिटतं.

नातवाला पटलं नाही. त्याची बाटली तेवढ्यात संपली होती.

दुसरी मी गॅरेजमध्ये ठेवलीय, उन्हाळ्याभर. इथे जुलैत आत भट्टी होते. पोल बघायचाय, साखर फुटली की तो उलटा फिरतो का. पोलारीमीटर मिळेल का म्हणून मुलाला विचारलं, तो म्हणाला, आबा, काय किंमत असते? सांगितल्यावर फोनकडे बघायला लागला.