गॅबरोनीतील भित्तिपत्रके

वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत भित्तिपत्रक भिंतीवर किती वेळ टिकेल याची शाश्वती नसे, म्हणूनच शेजारच्या बोट्स्वानात, गॅबरोनी शहरात, परागंदा कलावंतांनी चालवलेल्या ‘मेडू’ या संस्थेचे काम मला फार मोलाचे वाटते. ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढत एक रंग छापायचा, तो वाळला की दुसरा, आणि तयार प्रती लपवून सीमेपार धाडायच्या, असा तो खटाटोप होता. ज्युडी सीडमन यांच्या १९८१ च्या भित्तिपत्रकावर ‘तुम्ही खडकावर आघात केला आहे’ ही घोषणा आहे. ती १९५६ मध्ये, कृष्णवर्णीयांना सतत परवानापुस्तिका जवळ बाळगायला लावणाऱ्या पास कायद्यांविरुद्ध, प्रिटोरियात धडकलेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चातून आलेली.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी कलावंतांनीही एका भित्तिपत्रकात माय लाय हत्याकांडाच्या, म्हणजे अमेरिकी सैनिकांनी मारलेल्या व्हिएतनामी गावकऱ्यांच्या, छायाचित्रावर ‘आणि बालकेही?’ ‘आणि बालकेही.’ एवढेच प्रश्नोत्तर छापले होते. तो संयम आजही अंगावर येतो.

सत्ताधाऱ्यांना या कागदांचे वजन पुरेपूर ठाऊक असावे, असे मला वाटते. १४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकी सैन्याने गॅबरोनीवर छापा घातला. त्यात मेडूचे चित्रकार थामी म्न्येले मारले गेले आणि संस्थेचे कामही तिथेच थांबले.