आमची वाटचाल : भट्टी नसलेलं वर्कशॉप

आमच्या गिरगावातल्या वर्कशॉपात भट्टी नाही आणि कधी येणारही नाही. जुन्या चिनी भांड्यांवरचं उडालेलं मीनाकाम (झिलईवर भाजून चढवलेले काचेसारखे रंग) आम्ही थंड रंगाने, म्हणजे न भाजता लावायच्या रंगाने भरतो. हे आधीच सांगतो, कारण याच मुद्द्यावरून धंदा बसायची वेळ आली होती.

आमच्याच लाइनीतल्या एकाने (नाव लिहीत नाही, ओळखायचे ते ओळखतील) जुनी निळी-पांढरी बशी घेतली, तिच्यावर लाल-हिरवा मीना चढवून भाजला आणि दुर्मीळ म्हणून विकली. ही खोड युरोपात अठराव्या शतकापासूनची, त्यात याचं कसलं डोकं? पण गिऱ्हाईक उलटलं तेव्हा या विकणाऱ्या साहेबांनी बोट दाखवलं आमच्याकडे. झालं! जुनी घराणी अर्धवट कामं उचलून घेऊन गेली, भाडं थकलं.

राहिल्या त्या आमच्या पारशी बाई. पणजोबांनी चीनमधल्या कँटन बंदरातून आणलेला त्यांचा गुलाबी डिनर सेट आमच्याकडेच असे. जिंगदेजन या चीनमधल्या चिनी मातीच्या शहरात १३०० अंशांच्या आसपास भाजलेला पांढरा माल, कँटनला रंगवून ७००-८०० अंशांवर पुन्हा भाजलेला. त्या गुलाबीत सोनं असतं बरं का.

बाईंनी वादाची बशी मागवली, कापसाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवली आणि सगळ्यांदेखत घासली. लाल रंग ढिम्म. मग स्वतःची, आम्ही पाकळी भरलेली बशी घेतली. काडी गुलाबी! "दीकरा, तुझा रंग निघते. त्याचा निघत नाय." म्हणजे तो भाजलेला, आणि भट्टी तर आमच्याकडे नाहीच. पाकळी पुन्हा भरून दिली, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

मी दहापटीचं भिंग लावलं. सुरीचे जुने चरे लाल रंगाच्या खाली गेलेले, आत रंग भरलेला. मूळचं काम असतं तर चरे रंगावर दिसले असते. झिलईवर काळे ठिपकेही होते. वापरलेलं भांडं पुन्हा भाजलं की मुरलेला ओलावा-तेलकटपणा असा बाहेर येतो.

पुढची वर्षं बरी गेली.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. असली भांडी मोलकरणीच्या हाती देऊ नका, पितळेसारखी चिंच-लिंबाने घासतील. मीन्यात शिसं असतं, आंबटाने त्याची चमक मरते. कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि सोनेरी कडेला हात लावायचा नाही.

त्या गृहस्थांचं दुकान अजून चालू आहे. पाटीवर 'तज्ज्ञ' लिहिलंय, तेही दोन भाषांत.